नॅनो, मायक्रो की विम? टर्मिनलमधला पहिला एडिटर

मागच्या भागात आपण टर्मिनलमध्ये एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये जायला शिकलो. आज त्याच्या पुढचं पाऊल. फाईल उघडायची, तिच्यातली एक ओळ बदलायची, सेव्ह करायची आणि बाहेर पडायचं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण लिनक्स शिकायला बसलेली मुलं पहिल्यांदा घाबरतात ती इथेच.

ऐकण्याऐवजी वाचत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. कमांड मी बोलताना जशा उच्चारते तशाच इथे उतरवल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

तर, "मॅडम, सुरुवातीला कुठला एडिटर शिकू?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. आणि उत्तर द्यायला आजूबाजूला मंडळी टपलेलीच असतात. एक म्हणतो, विमच शीक, बाकी सगळा पोरखेळ. दुसरा ईमॅक्सची बाजू घेतो. मग त्या दोघांची जुंपते. विचारणारा बिचारा बाजूलाच राहतो, त्याला फक्त एक ओळ बदलायची असते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना बस पकडायची आहे ते मोकळे. पहिला एडिटर नॅनो. स्वतःच्या लॅपटॉपवर हवा तर मायक्रो. आणि विममधून बाहेर कसं पडायचं एवढं मात्र प्रत्येकाने शिकायचंच, कारण तुम्ही निवडलात किंवा नाही निवडलात तरी तो कधी ना कधी समोर येतोच.

आता हे का, ते बघू.

टर्मिनलमध्ये आपण फाईल उघडतो ती बहुतेक वेळा निबंध लिहायला नाही. सेटिंगची फाईल असते. समजा, स्लॅश ई-टी-सी स्लॅश एफ-एस-टॅब. मशीन सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. यात एक अक्षर चुकलं तर पुढच्या वेळी मशीन नीट सुरूच होत नाही, थेट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. किंवा एस-एस-एच-डी कॉन्फिग घ्या. तुम्ही दूरच्या सर्व्हरवर ज्या दारातून आत शिरता, त्या दाराची ही फाईल. यात गडबड करून सर्व्हिस रीस्टार्ट केलीत आणि बाहेर पडलात, तर तुम्ही स्वतःच स्वतःला बाहेर कोंडून घेतलंत.

म्हणजे जोखीम फाईलमध्ये आहे. अशा वेळी तुमचं सगळं डोकं त्या ओळीवर हवं. "मी आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे? हे बटण दाबलं तर काय होईल?" यात निम्मं लक्ष गेलं की तिकडे हात चुकतो. नवशिक्यासाठी चांगला एडिटर म्हणजे जो लक्ष मागत नाही तो. किती ताकदवान आहे, किती प्लगइन आहेत, हा प्रश्न नंतरचा. खूप नंतरचा.

आता नॅनो उघडूया. नॅनो, मग स्पेस, मग फाईलचं नाव, एंटर. बस. उघडल्या उघडल्या टाइप करायला लागा, अक्षरं उमटतात. बाणांनी कर्सर हलतो. बॅकस्पेसने अक्षर खोडलं जातं. आणि पडद्याच्या तळाशी दोन ओळींत बटणांची यादी सतत दिसत राहते.

त्या यादीत प्रत्येक अक्षराच्या आधी एक टोपीसारखी खूण असते. इथे भलेभले फसतात. मुलं शिफ्ट दाबून सहाच्या बटणावरची ती टोपी टाइप करतात, मग एक्स टाइप करतात, आणि ती दोन्ही अक्षरं फाईलमध्ये जाऊन बसतात! त्या टोपीचा अर्थ कंट्रोल. टोपी एक्स म्हणजे कंट्रोल दाबून धरा आणि एक्स दाबा. काही ठिकाणी एम आणि आडवी रेघ दिसेल, तो एम म्हणजे मेटा, आपल्या कीबोर्डवरचं आल्ट.

बटणं थोडीच लक्षात ठेवायची. कंट्रोल-ओ म्हणजे लिहून टाक, सेव्ह कर. कंट्रोल-एक्स म्हणजे बाहेर पड. कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे शोध. कंट्रोल-के ने अख्खी ओळ कापली जाते, कंट्रोल-यू ने ती कर्सर असेल तिथे परत येते. आल्ट-यू म्हणजे अनडू, आणि हे फार मोलाचं आहे, कारण हात थरथरत असताना आधी हेच लागतं.

बाहेर पडतानाचा संवाद नीट ऐका, कारण इथे लोक गोंधळतात. बदल केलेले असताना कंट्रोल-एक्स दाबलंत की नॅनो विचारतो, बदल सेव्ह करू का? वाय दाबा. आता लगेच बाहेर पडेल असं वाटतं, पण नाही. तो फाईलचं नाव दाखवतो आणि थांबतो. तो म्हणतोय, याच नावाने लिहू ना? इथे फक्त एंटर मारायचं. काही टाइप करायचं नाही. इथे भलतंच काही टाइप केलंत तर नव्या नावाची फाईल तयार होते, मूळ फाईल जशीच्या तशी राहते, आणि मग तुम्ही तासभर डोकं खाजवता की बदल लागू का होत नाही.

वर्ड किंवा ब्राउझरची सवय असलेल्यांना नॅनोत दोन झटके बसतात. कंट्रोल-सी दाबलं की कॉपी होत नाही, तुम्ही कितव्या ओळीवर आहात ते दिसतं. कंट्रोल-व्ही दाबलं की पेस्ट होत नाही, पान खाली सरकतं. बाहेरून कॉपी केलेलं पेस्ट करायचं तर लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही चालतं. हा नॅनोचा जुना वारसा आहे. २०२४ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून मॉडर्न बाइंडिंग्ज नावाचा एक पर्याय आहे. नॅनो, स्पेस, आडवी रेघ, तिरकी रेघ, असं लिहून फाईल उघडलीत तर कॉपी, पेस्ट, अनडू ही बटणं ओळखीच्या जागी येतात. पण दुसऱ्याच्या जुन्या सर्व्हरवर हा पर्याय नसणार, म्हणून मी मुलांना मूळचीच बटणं शिकवते.

वारसा म्हटलं तर त्याची गोष्टही छान आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाचा पाइन नावाचा ईमेल प्रोग्रॅम होता. त्यात पत्र लिहायला पिको नावाचा छोटा एडिटर होता. लोकांना तो आवडायचा, पण त्याचं लायसन्स मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत बसत नव्हतं. म्हणून १९९९ मध्ये क्रिस अलेग्रेटा याने त्याच्यासारखाच दुसरा एडिटर लिहायला घेतला. त्याचं पहिलं नाव होतं टिप, म्हणजे "टिप इज नॉट पिको". पण टिप नावाची कमांड युनिक्समध्ये आधीपासूनच होती, म्हणून २००० मध्ये नाव बदलून नॅनो केलं. अकरावीचं फिजिक्स आठवा. पिको म्हणजे दहाचा उणे बारावा घात, नॅनो म्हणजे उणे नववा. पिकोच्या हजारपट! २००१ मध्ये नॅनो अधिकृतपणे ग्नू प्रकल्पात आला.

जुन्या नॅनोची एक खोड मात्र माहीत हवी. ४.० आवृत्तीच्या आधी, म्हणजे २०१९ च्या आधी, लांब ओळ आली की तो ती मधेच तोडून दोन ओळी करायचा. पत्र लिहिताना ठीक, पण सेटिंगच्या फाईलमध्ये एका ओळीच्या दोन झाल्या की खेळ खल्लास. आता हे आपोआप होत नाही. पण एखाद्या जुन्या सर्व्हरवर काम पडलं तर नॅनो, स्पेस, आडवी रेघ, डब्ल्यू असं उघडा, म्हणजे तो ओळी तोडणार नाही.

दुसरी गोष्ट टॅबची. वाय-ए-एम-एल प्रकारच्या फाईली, म्हणजे डॉकर कंपोजच्या किंवा उबंटू सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगच्या, यांत ओळ आत सरकवायला टॅब अजिबात चालत नाही, स्पेसच लागते. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, ही खरी कटकट. नॅनो आडवी रेघ कॅपिटल ई असं उघडलंत तर टॅब दाबल्यावर स्पेस पडतात. (मेकफाईलमध्ये नेमकं उलट, तिथे टॅबच लागतो. लिनक्समध्ये असे हट्ट खूप.)

आणि एक लाडकी युक्ती. प्रोग्रॅम म्हणाला की सत्तेचाळिसाव्या ओळीवर चूक आहे, तर मोजत बसू नका. नॅनो, स्पेस, अधिकचं चिन्ह, ४७, स्पेस, फाईलचं नाव. कर्सर थेट त्या ओळीवर उभा.

आता मायक्रो. हा नवा गडी, २०१६ चा, गो भाषेत लिहिलेला. ज्यांची बोटं कंट्रोल-एस, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड याच वळणावर पडलेली आहेत त्यांना याच्यात नवीन शिकण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. कंट्रोल-क्यू ने बाहेर पडायचं, सेव्ह केलं नसेल तर तो विचारतो. माऊस चालतो. कोडचे रंगही लगेच दिसतात. उबंटूवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल मायक्रो केलं की आला.

मग मी मायक्रो पहिला का नाही सांगत? कारण तो सहसा आधीपासून बसवलेला नसतो. तुम्ही इंटर्नशिपला जाता, कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन मिळतं, आणि तिथे काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसते. नॅनो तिथे असण्याची शक्यता बरीच जास्त. शिवाय मायक्रोची सवय झालेला माणूस दुसऱ्या एडिटरमध्येही कंट्रोल-एस दाबतो, आणि तिथे वेगळीच गंमत होते.

ती गंमत सांगते. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस चा जुना अर्थ आहे "थांब, पुढचं दाखवू नकोस". त्यामुळे विममध्ये सवयीने कंट्रोल-एस दाबलंत की पडदा गोठू शकतो. काहीही दाबा, हलत नाही. मुलांना वाटतं मशीन हँग झालं, आणि ती खिडकी बंद करतात. बंद करू नका. कंट्रोल-क्यू दाबा, सगळं परत वाहायला लागतं. तसंच विममध्ये कंट्रोल-झेड दाबलं तर अनडू होत नाही, विम गायब होतो. तो गेलेला नसतो, मागे झोपलेला असतो. एफ-जी टाइप करून एंटर मारा, फाईल जशी होती तशी परत समोर. नव्या नॅनोत मात्र कंट्रोल-एस ने खरंच सेव्ह होतं, तेवढी दया आहे.

आता येऊया त्या ज्येष्ठांकडे. व्ही-आय, म्हणजे व्हीआय, आणि त्याचा सुधारलेला वंशज विम.

पहिल्यांदा व्हीआय उघडणाऱ्याची काय अवस्था होते? टाइप करतो, अक्षरं उमटत नाहीत. मग अचानक काही उमटतात, काही गायब होतात. बाहेर पडता येत नाही. हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. "विममधून बाहेर कसं पडायचं" हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न दहा लाख वेळा पाहिला गेला, तेव्हा २०१७ मध्ये त्यांनी त्यावर खास लेख लिहिला होता. तेव्हा न्यूनगंड नको.

तो असा विचित्र का, याला कारण आहे. बिल जॉय याने व्हीआय १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात लिहिला. तो घरून ३०० बॉडच्या मोडेमवर काम करायचा. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० बाय २४ चा पूर्ण पडदा भरायचा तर १,९२० अक्षरं, म्हणजे मिनिटापेक्षा जास्त वेळ! अशा परिस्थितीत तळाशी बटणांची यादी दाखवत बसणं परवडणारच नव्हतं. कमीत कमी बटणांत जास्तीत जास्त काम, हीच गरज होती. म्हणून एक मोड लिहायचा आणि एक हुकूम द्यायचा. एच, जे, के, एल या अक्षरांनी कर्सर हलतो तेही उगाच नाही. त्याच्या टर्मिनलवर बाणांची चित्रं त्याच चार बटणांवर छापलेली होती. म्हणजे ज्याला आपण विक्षिप्तपणा म्हणतो तो त्या काळचा काटकसरीपणा.

विम लिहिला ब्राम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने. पहिली जाहीर आवृत्ती १९९१ ची. विम फुकट आहे, पण आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी मदत करा, अशी त्याची विनंती विम उघडल्यावर आजही दिसते. २०२३ मध्ये तो गेला. विमवर मी कितीही तोंडसुख घेतलं तरी या माणसाबद्दल आदरच आहे.

जगण्यापुरतं विम एवढंच. आधी एस्केप दाबा, दोनदा दाबलंत तरी चालेल. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. काहीही न बदलता बाहेर. हे पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल. लिहायचंच असेल तर आय दाबा, मग टाइप करा. झालं की एस्केप, मग कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. सेव्ह करून बाहेर. चुकलंत तर एस्केप आणि यू, अनडू.

डेबियन आणि उबंटूवर अनेकदा विमची अगदी छोटी आवृत्ती असते. त्यात आय दाबून लिहिताना बाण दाबलात तर कर्सर हलायच्या ऐवजी ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटू शकतात. कीबोर्ड बिघडलेला नाही. एस्केप दाबा, मग बाण वापरा.

आणि हे खास आपल्यासाठी. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर असताना विम उघडलात तर? आय च्या बटणावर ग आहे. हुकूमाच्या मोडमध्ये ग म्हणजे विमला काहीच कळत नाही. बाहेर पडायला कोलन क्यू दाबलंत तर कोलनच्या जागी छ येतो आणि क्यू च्या जागी औची मात्रा. म्हणजे तुम्ही विमला "छौ" म्हणताय आणि तो ढिम्म! आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणा, मग एस्केप. नॅनोत मराठी टाइप करताना मोडची ही भानगड नाही, सरळ उमटतं. पण दिसण्याची अडचण दोन्हीकडे आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद, एका अक्षराला एक घर. आपली जोडाक्षरं आणि मात्रा त्या घरांत नीट बसत नाहीत, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलमध्ये अक्षरं तुटक दिसतात आणि कर्सर एकीकडे दिसतो, अक्षर दुसरीकडे पडतं. फाईलमध्ये मजकूर बरोबर असतो, दिसतो वेडावाकडा. लांब मराठी मजकूर लिहायचा तर साधा ग्राफिकल एडिटरच घ्या, उगाच हट्ट नको.

विम पुढे शिकावा का? रोज चार-पाच तास कोड लिहिणार असाल तर जरूर. विम ट्यूटर नावाची कमांड त्याच्यासोबत येते, साधारण अर्ध्या तासाचा धडा आहे, खूप छान लिहिलाय. पण तो निवांत वेळी, सरावाच्या फाईलवर. सर्व्हर बंद पडलाय, सीनियर मागे उभा आहे, तेव्हा नाही.

तुमच्यापैकी बरेच जण फोनवर टर्मक्स वापरताय, म्हणून त्याबद्दल. लॅपटॉप नसेल तर टर्मक्स ही खरंच सोय आहे, त्यावर पी-के-जी इन्स्टॉल नॅनो किंवा मायक्रो, दोन्ही मिळतात. फोनच्या कीबोर्डवर कंट्रोल आणि एस्केप नसतात, म्हणून टर्मक्स कीबोर्डच्या वर जादा बटणांची पट्टी दाखवतं. शिवाय आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं की ते कंट्रोलचं काम करतं. आवाज वाढवायचं बटण आणि ई म्हणजे एस्केप. आता विचार करा, अंगठ्याने विम चालवायचा म्हणजे दर दोन मिनिटांनी ही कसरत. नॅनोत पट्टीवरचं कंट्रोल आणि एक अक्षर, काम झालं.

फोनवरून सर्व्हरवर काम करताना दुसरी भीती नेटवर्कची. लोकलमध्ये बसलाय, बोगदा आला, कनेक्शन तुटलं, फाईल अर्धवट. अशा वेळी सर्व्हरवरच्या नॅनोला कनेक्शन तुटल्याचं कळलं की तो जाता जाता मजकूर वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. मूळ नावापुढे डॉट सेव्ह लावलेली फाईल शोधा. विम डॉट एस-डब्ल्यू-पी नावाची लपलेली फाईल ठेवतो, आणि पुढच्या वेळी तीच फाईल उघडलीत की मोठा थोरला इशारा दाखवतो. तो इशारा वाचून घाबरू नका, आर दाबलंत की शिल्लक असलेला मजकूर परत मिळतो.

फोनवरूनच आणखी एक त्रास येतो. नोट्सच्या ॲपमधून किंवा कुठल्याशा लेखातून कमांड कॉपी करून फाईलमध्ये टाकलीत की अवतरणचिन्हं गोल, वळणदार येतात. दिसायला सुंदर, पण कॉन्फिग फाईलला ती कळत नाहीत. ती खोडून कीबोर्डवरची सरळ चिन्हं स्वतः टाइप करा.

बरं, तुम्ही नॅनो ठरवलात, पण मशीनने तुमचं ऐकायला हवं ना! गिट कमिट केलंत की पुष्कळ ठिकाणी धाडकन विम उघडतो. एकदाच ही कमांड द्या: गिट कॉन्फिग, दोन आडव्या रेघा लावून ग्लोबल, मग कोअर डॉट एडिटर, मग नॅनो. बाकीच्या बऱ्याच प्रोग्रॅमसाठी बॅश-आर-सी फाईलमध्ये एक्सपोर्ट एडिटर बरोबर नॅनो अशी ओळ टाका, यातला एडिटर हा शब्द मात्र कॅपिटलमध्ये. उबंटूवर क्रॉनटॅब पहिल्यांदा उघडताना कुठला एडिटर हवा असं विचारलं जातं, आणि यादीत नॅनोसमोर "सगळ्यात सोपा" अशी इंग्रजीत टीप असते. फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून व्हीआय बाजूला ठेवून नॅनोच मूळ एडिटर केला. आता नॅनो वापरतोस म्हणून कोणी हसलं तर हे सांगा, नाहीतर सोडून द्या. डॉकरच्या छोट्या कंटेनरमध्ये मात्र यातलं काहीच नसू शकतं. अल्पाइनवर फक्त व्हीआय, डेबियनच्या मूळ इमेजमध्ये एकही एडिटर नाही. तिथे फाईल बाहेर बदलून आत पाठवायची.

सिस्टिमच्या फाईली उघडताना नॅनो तळाशी "फाईल अनराइटेबल" असं सांगत असेल तर पुढे टाइप करू नका, सेव्ह होणार नाही. बाहेर पडा आणि सुडो एडिट, जोडून एकच शब्द, मग फाईलचं नाव, असं उघडा. यात एडिटर तुमच्याच नावाने चालतो, काम होतं फाईलच्या प्रतीवर, आणि तुम्ही बाहेर पडल्यावर ती प्रत मूळ जागी लिहिली जाते. सुडोअर्स ही फाईल मात्र यानेही उघडायची नाही, तिच्यासाठी वि-सुडो ही वेगळी कमांड आहे. ती सेव्ह करताना व्याकरण तपासते. नाव ऐकून विम उघडेल असं वाटतं, पण उबंटूवर सहसा नॅनोच उघडतो.

आज रात्री वीस मिनिटं काढा आणि हे करून बघा. होम फोल्डरमध्ये सराव नावाची फाईल नॅनोत बनवा, दहा ओळी लिहा. तिसरी ओळ कापून शेवटी चिकटवा. एक शब्द शोधा. मुद्दाम काहीतरी बिघडवा आणि आल्ट-यू ने परत आणा. सेव्ह करा, बाहेर पडा. मग तीच फाईल व्हीआयमध्ये उघडा, काहीतरी वेडंवाकडं बडवा आणि काहीही सेव्ह न करता बाहेर या. दहा वेळा. बोटांना ते वळण पडेपर्यंत.

आणि खऱ्या सर्व्हरवर एस-एस-एच ची फाईल बदलायची वेळ आली तर त्याआधी सी-पी ने तिची एक प्रत काढा, नावापुढे डॉट बॅक लावून. दुसऱ्या खिडकीत आणखी एक लॉगिन उघडं ठेवा. बदल केल्यावर सुडो एस-एस-एच-डी, स्पेस, आडवी रेघ, टी. काहीच छापलं नाही तर व्याकरण ठीक आहे. मग सर्व्हिस रीस्टार्ट करा, तिसऱ्या खिडकीतून नव्याने आत शिरून बघा, आणि शिरता आलं तरच बाकीच्या दोन बंद करा.

पुढच्या भागात त्या "परमिशन डिनाइड" चं बघू. आर, डब्ल्यू, एक्स ही तीन अक्षरं आणि ७७७ हा आकडा का द्यायचा नाही ते. भेटूया.